अकरावा कोनाडा

१

बोगद्यातले तीन दगड सोमवारी दुपारी पडले आणि मंगळवारी सकाळी ते तात्यांच्या नावावर चढलेसुद्धा. ज्या कचेरीत साध्या अर्जाची पोच मिळायला पंधरवडा लागतो, तिथून एका रात्रीत दोन पानी पत्र टाइप होऊन, सहीशिक्क्यानिशी माणसाकरवी घरपोच यावं, याचंच खरं तर आधी नवल वाटायला हवं होतं.

पोचेबाईंनी ते पत्र ओट्याशी उभ्या उभ्या वाचलं आणि गॅस बंद केला.

पोचेबाई म्हणजे तात्यांची सून. अपघातातल्या गाड्या विमा कंपनीसाठी तपासणं हे त्यांचं काम. कुठला पोचा खांबाला धडकून पडला आणि कुठला मागाहून हातोडीने पाडला, हे त्या नुसतं बोट फिरवून सांगत. म्हणून गॅरेजवाल्यांनी त्यांना पाठीमागे हे नाव ठेवलं होतं, आणि त्यांनी ते समोरून स्वीकारून टाकलं होतं. नवरा बोटीवर, सहा-सहा महिने समुद्रात. घरात त्या, त्यांचे सासरे आणि दोघांचं रोजचं भांडण.

तात्या रेल्वेत गँगचे मुकादम होते. ज्या आठ मैलांच्या मार्गावर त्यांची चाळीस वर्षं गेली, तो मार्ग बंद पडला, रूळ उचलून नेले, मागे काटेरी झुडपं उरली. मग गावातल्या लोकांनी आठ वर्षं कचेऱ्यांचे उंबरे झिजवले आणि त्या जागेवर चालायची, सायकलची, चाकाच्या खुर्चीतल्या माणसालाही जाता येईल अशी वाट मंजूर करून घेतली. मध्ये बोगदा होता. बोगदा धोक्याचा ठरला तर वाटेचे दोन तुकडे, म्हणजे वाटच नाही. तेव्हा एकोणऐंशी वर्षांचे तात्या हातोडा घेऊन अकरा दिवस परांचीवर चढून उभे राहिले आणि त्यांनी बोगद्याचा दगडन्‌दगड ठोकून ऐकला. पक्का दगड खणखणतो, सुटलेला बद्द बोलतो. सात दगड बद्द बोलले. त्यांवर तात्यांनी चुन्याचं बोट ओढलं, गवंड्याने ते सातही भरून घेतले, आणि तात्यांनी ‘बोगदा सुरक्षित’ असं लिहून दिलं. फुकट. वर स्वतःचा डबा नेऊन.

आता पत्र म्हणत होतं की सोमवारी छतातून दगड पडून रस्त्याच्या कामावरच्या एका बाईचा पाय गेला. पडलेल्या दगडांवर चुन्याची खूण आहे, म्हणजे ते कच्चे असल्याचं मुकादमांना ठाऊक होतं, तरीही त्यांनी निर्धास्तपणे दाखला दिला. शुक्रवारी अकरा वाजता चौकशी अधिकारी जागेवर येतील. सोबत एक मसुदा जोडला होता: ‘वयोमानाने माझी श्रवणशक्ती मंदावली असून...’ खाली सहीसाठी फुलीसुद्धा मारून ठेवली होती. काय ती तत्परता!

“सूनबाई, पेन दे,” तात्या खुर्चीतून म्हणाले. हातोडा त्यांच्या मांडीवर होता.

“कशाला?”

“सही करतो. मी सातच मोजले होते. आठवा, नववा, दहावा माझ्या कानाने ऐकलेच नसतील. कान गेला असेल माझा. आणि त्या बाईचा पाय गेला.”

“कान गेला? परवा मी दार लावून, पांघरुणात तोंड घालून आईला फोनवर तुमची तक्रार सांगितली, ती सकाळी तुम्ही मला शब्दन्‌शब्द ऐकवलीत!”

तात्या हसले नाहीत. त्यांनी हातोडा उचलून सुनेच्या हातात दिला आणि म्हणाले, “हा भंगारात घाल.”

२

बुधवारी पोचेबाईंनी रजा टाकली आणि बोगदा गाठला.

ठेकेदार तोंडाशीच भेटला. बोलणं असं, की साखरेनेही लाजावं. “या ताई, या. म्हातारं माणूस आहे, आम्हाला त्यांच्याबद्दल काही राग नाही. वय होतं सगळ्यांचंच.”

“दगड कुठे आहेत?”

आत गारवा होता. वाटेवर नवा मुरूम अंथरून, पाणी मारून दाबलेला होता, आणि तो तोंडाकडून आत उताराने जात होता. भिंतीला दर पंचवीस पावलांवर माणूस उभा राहील एवढा कोनाडा, त्याला पांढरीशुभ्र चुन्याची कड. अकराव्या कोनाड्यापाशी दोरी बांधली होती. दोरीच्या आत तीन दगड.

“एक बाईच्या पायावरून काढला,” ठेकेदार म्हणाला. “बाकीचे दोन पडले तसेच आहेत. हात लावलेला नाही. पंचनाम्यात तसं लिहूनच दिलंय. आणि वर बघा, तिथून पडले.”

त्याने बॅटरी मारली. दोन मजले उंचीवर छतात एक पोकळी होती. वाफेच्या इंजिनांच्या धुराने सगळं छत काळंकुट्ट झालेलं होतं. पोकळीही काळी होती, आतपर्यंत.

पोचेबाईंनी वर पाहिलं आणि मग खाली पाहिलं. मांजराएवढा दगड दोन मजल्यांवरून ओल्या मुरुमावर पडला तर काय होतं, हे कळायला विम्याची परीक्षा द्यावी लागत नाही. एका दगडाखाली त्यांनी बोट सरकवलं. खळगा नव्हता. दगड तिथे असा बसला होता, जणू पाहुण्याला पाट मांडून बसवावं.

दगडाच्या एका बाजूला चुना होता खरा. त्यांनी नख लावलं तर एक कपची निघून हातात आली, रुपयाएवढी जाड. ती त्यांनी पर्समध्ये टाकली.

“हे दार कसलं?”

अकराव्या कोनाड्याला नवं पत्र्याचं दार बसवलेलं होतं, त्याला भलंमोठं कुलूप. “सामान असतं आमचं. फावडी, धुम्मस,” ठेकेदार म्हणाला. “मुरूम हाताने धुम्मस मारूनच दाबतोय सध्या. रोलर आठवडा झाला दुरुस्तीला गेलाय.”

“किल्ली?”

“ती हरवलीय हो ताई त्या गडबडीत.”

पोचेबाईंचं बोट सवयीने पत्र्यावरून फिरलं. गुडघ्याच्या उंचीवर आडवा, हातभर लांब पोचा होता. कड ताजी, आणि पोच्यात पिवळ्या रंगाची एक रेघ. नव्या दाराला इतका मोठा पोचा कसा, असं त्यांनी विचारलं नाही. ज्याला प्रश्न विचारायचा त्याला आधी कळू द्यायचं नसतं, एवढं त्या गॅरेजात शिकल्या होत्या.

३

बाहेर लोकांचा निकाल केव्हाच लागला होता. तात्या चुकले नसतील तर मग हे काम अळंबीवाल्याचं, असं टपरीवरच्या दोघांनी पोचेबाईंनी न विचारताच त्यांना सांगितलं.

अळंबीवाला दहा वर्षं बोगद्याच्या अंधारात अळंब्या पिकवत होता. वाट मंजूर झाली तशी त्याला नोटीस आली, आणि आता त्याच्या रिकाम्या मांडण्या बोगद्याबाहेर उन्हात वाळत होत्या. तो त्यांच्यातच बसलेला होता आणि पोचेबाईंना बघताच उसळला.

“या! तुम्हीपण विचारा! गरीब माणूस बोगद्याजवळ दिसला ना, मग झालं काम! माझं पोट गेलं म्हणून मी कुणाचा पाय तोडीन होय?”

“मी दगडांचं विचारायला आले नाही. कोनाड्यांचं विचारायला आले.”

तो जरा थंड झाला. “कोनाड्यांचं काय?”

“ते कशासाठी असतात?”

“बाई, तुम्ही मुकादमांच्या सून ना? आणि हे ठाऊक नाही?” त्याला आता हसू आलं. “आत काम चालू असताना गाडी आली तर माणूस पळून किती पळणार? जवळच्या कोनाड्यात शिरायचं, पाठ भिंतीला लावायची, गाडी जाऊ द्यायची. अंधारात दिसावा म्हणून आत-बाहेर चुना. मला तात्यांनी आत मांडण्या लावू दिल्या, पण अट एकच. कोनाडे रिकामे. मी म्हटलं, तात्या, आता गाडी कुठे येते? तर म्हणाले, कोनाडा गाडीसाठी नसतो, माणसासाठी असतो. एकदा मी टोपली ठेवली तर ही एवढी लांब भिरकावली त्यांनी.”

“आणि अकरा नंबरला दार कधी बसलं?”

अळंबीवाल्याच्या हातातली फळी खाली आली. “कोनाड्याला दार?” तो म्हणाला. “तात्यांना माहीत आहे?”

तात्यांना माहीत नव्हतं. दाखला देऊन महिना झाला होता, आणि त्यानंतर ठेकेदाराने त्यांना बोगद्याच्या तोंडाशीसुद्धा येऊ दिलं नव्हतं. ‘कशाला त्रास घेता,’ म्हणाला होता.

४

बोगद्याच्या पलीकडच्या टेकडीवर बंगलेवाला राहत होता. वाटेला त्याचा पहिल्यापासून विरोध, आणि बोगद्याला कायमची भिंत घालावी असा अर्ज त्याने मंगळवारीच फिरवायला घेतला होता. सही घ्यायला तो तात्यांच्या दारातही आला असता, इतका त्याला हुरूप आला होता.

गुरुवारी सकाळी त्याने पोचेबाईंना व्हरांड्यात बसवलं. बसवलं म्हणजे पायरीवर उभं ठेवलं आणि स्वतः खुर्चीत बसला.

“मला कुणाबद्दल वाईट बोलायचं नाही,” त्याने सुरुवात केली, आणि पुढे तेवढंच केलं. “पण वाट सार्वजनिक झाली की कोण कोण येईल? कुणीही येईल! सायकली, पोरंटोरं, आरडाओरडा. माझ्या कुंपणाला खेटून लोक चालणार, आणि मी बघत बसायचं?”

“चालणारी माणसं वाईट असतात का?”

“चालणारी वाईट नसतात हो. कुठलीही चालणारी वाईट असतात.”

पोचेबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्यांच्या घामाने आणि ज्यांच्या पैशाने ती वाट होत होती, ती सगळी ‘कुठलीही’. पण भांडणाने काही हाती लागणार नव्हतं. त्यांनी राग गिळला. “तुम्हाला आत्ताच फार त्रास होत असेल ना? कामाच्या आवाजाचा?”

त्याला जणू वाचाच फुटली. “त्रास? अहो, दुपारची झोप नाही महिनाभर! ते पिवळं यंत्र, तो रोलर, दिवसभर धडधड धडधड! सोमवारी तर कहर झाला. मी तिथल्या तिथे लेखी तक्रार केली. माणूस पाठवून कचेरीत दिली आणि शिक्का घेतला. मी कच्चं काम करत नाही.”

“सोमवारी? नक्की सोमवारी?”

तो तरातरा आत गेला आणि प्रत घेऊन आला. ‘आज दुपारी दोन वाजल्यापासून बोगद्यात रोलर चालू असून...’ तारीख सोमवारची. कचेरीचा शिक्का, वेळ तीन दहा.

“हिचा फोटो घेऊ? तुमची बाजू मांडायला बरं पडेल,” पोचेबाई म्हणाल्या. त्यात खोटं काही नव्हतं. कुठली बाजू, ते त्याने विचारलं नाही.

५

जिचा पाय गेला होता ती रोलरच्या पुढे रबरी पाइपने मुरुमावर पाणी मारायची. सगळे तिला पाणीवाली म्हणत. ठेकेदाराने तिला सरकारी दवाखान्यातून हलवून स्वतःच्या ओळखीच्या दवाखान्यात ठेवलं होतं, आणि उशाशी स्वतःची मेहुणी बसवली होती. सेवेला म्हणे. पाणीवालीचा नवरा त्याच ठेकेदाराच्या कामावर मुरूम ओढायचा.

“दगड पडला,” पाणीवाली म्हणाली. कुणी काही विचारायच्या आधीच म्हणाली, आणि मेहुणीकडे पाहिलं.

“वरून?”

“वरून.”

“उभी होतीस?”

“उभीच होते.”

मेहुणीने पोचेबाईंकडे बघून गोड हसून दाखवलं. पोचेबाई पाणीवालीकडे बघत होत्या. उभ्या माणसावर छत पडलं आणि डोक्याला ओरखडा नाही. खांद्याला नाही, पाठीला नाही. डावा पाय गुडघ्याखाली नाही. आणि उजव्या मुठीवरची चार बोटांची साल पार निघालेली, त्यावर मलम.

“हाताला काय झालं गं?”

पाणीवालीने हात चादरीखाली घेतला. तिच्या डोळ्यांत पाणी भरलं आणि ती भिंतीकडे तोंड करून निजली. मेहुणी म्हणाली, “दमलीय बिचारी. आता या तुम्ही.”

पोचेबाई जिन्यापर्यंत आल्या आणि कठड्याला धरून उभ्या राहिल्या. मुठीची साल अशी कशाने निघते? त्यांना ते आठवत होतं आणि आठवायचं नव्हतं. एकदा गाडीत अडकलेल्या माणसाच्या हाताचे फोटो त्यांनी पाहिले होते.

६

घरी तात्या मसुद्यापुढे बसले होते. पेन शेजारणीकडून आणलं होतं. पोचेबाईंनी कागदावर चुन्याची कपची ठेवली.

“आधी हे बघा, मग काय ती सही करा. ही त्या पडलेल्या दगडावरची. ही तुमच्या बोटाची खूण आहे?”

तात्यांनी कपची उचलून खिडकीपाशी नेली. मग भिंग आणलं. मग कपची मोडली आणि मोडलेली कड बघत राहिले. कडेला पट्टे होते: पांढरा, काळा, पांढरा, काळा.

“ही माझी खूण? मी बोटभर चुना ओढला होता गेल्या महिन्यात. हे पापुद्रे मोज. दर वर्षी चुन्याचा एक हात, वर वर्षभराचा धूर, पुन्हा चुना. ही चाळीस वर्षं आहेत, सूनबाई.” त्यांचा आवाज बदलला होता. “छताला रेल्वेने कधी चुना लावला नाही. धूर लागतो तिथे कोण लावणार? चुना फक्त एकाच जागी लागायचा. कोनाड्यात. हा दगड छतातला नाहीच. कोनाड्यातून काढलेला आहे.”

“आणि छतातली पोकळी?”

“अकराच्या वरची? ती पूर्वी कंदील टांगायची खोबण. आत काळी असेल.”

“काळीच आहे. सोमवारी दगड पडला असता तर आतून कोरी असती.”

“मग!” तात्यांनी टेबलावर हात मारला. मंगळवारनंतर पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर तजेला आला. “पण कोनाड्यातून दगड काढतंय कोण, आणि कशाला?”

“दाराची चौकट बसवायला,” पोचेबाई म्हणाल्या. “अकरा नंबरला दार बसवलंय, तात्या. पत्र्याचं. सामान ठेवतात आत. बाहेरून कुलूप आहे.”

तात्यांनी भिंग खाली ठेवलं. मग अगदी हळू म्हणाले, “कामाच्या पहिल्या दिवशी मी सगळ्या मजुरांना रांगेत उभं करून सांगितलं होतं. आत काहीही अंगावर आलं तर पळत सुटायचं नाही. पांढरी कड बघायची आणि कोनाड्यात शिरायचं. मी सांगितलं होतं त्यांना.”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. पोचेबाईंना ती सोललेली मूठ दिसली, आणि दारावर गुडघ्याच्या उंचीवरचा तो हातभर पोचा.

“माझा हातोडा,” तात्या उठून उभे राहिले. “भंगारात घातलास का?”

“तुमच्या कॉटखाली आहे,” पोचेबाई म्हणाल्या.

७

शुक्रवारी अकराला चौकशी अधिकारी आल्या. बाई अबोल होत्या आणि त्यांच्या पायांत चिखलाचे बूट होते. सोबत आलेल्या कचेरीतल्या अभियंत्याच्या पायांत चकचकीत जोडा होता. ज्या अहवालावरून तात्यांना पत्र गेलं तो त्यानेच लिहिला होता, आणि बोगद्यात तो आज पहिल्यांदा येत होता. त्याने फोटो पाहिले होते. फोटो ठेकेदाराने पाठवले होते.

“मुकादमांनी निवेदनावर सही केलीय का?” अभियंत्याने विचारलं.

“करतील,” पोचेबाई म्हणाल्या. “त्याआधी मॅडमनी हा दगड उचलून बघावा. दोन मजल्यांवरून पडलाय, आणि खाली खळगा नाही. आता वर बॅटरी मारा. पोकळी आतून काळी आहे. चार दिवसांत इतकी काजळी धरायला इथून कुठली आगगाडी गेली?”

ठेकेदार हसला. “ताई, गाड्यांचे पोचे वेगळे आणि बोगदे वेगळे.”

“पोच्यांकडेच येतेय. हे दार. पोचा गुडघ्याइतका उंच, आडवा, सरळ. फावडं आपटून असा पोचा पडत नाही. लोखंडी पिंप रेटत आलं तर पडतो. त्यात पिवळा रंग आहे. रोलर पिवळा आहे ना तुमचा?”

“रोलर आठवडाभर दुरुस्तीला होता. लिहून दिलंय मी.”

पोचेबाईंनी बंगलेवाल्याच्या तक्रारीचा फोटो अधिकारीबाईंपुढे धरला. बाईंनी तारीख वाचली, शिक्का वाचला आणि अभियंत्याला विचारलं, “हा शिक्का तुमच्याच कचेरीचा ना?” त्याने जोड्यांकडे पाहिलं.

“दार उघडा,” बाई म्हणाल्या.

“किल्ली हरवलीय, मॅडम.”

तात्या पुढे झाले. एकोणऐंशी वर्षांच्या माणसाने हातोडा एकदाच उचलला. कुलूप खणखणीत वाजलं आणि खाली पडलं.

आत फावडी होती, धुम्मस होती, सिमेंटची पोती होती. चौकटीच्या उजव्या अंगाला भिंतीत तीन रिकामी घरं होती. तात्यांनी बाहेरचा एक दगड उचलायला लावला आणि पहिल्या घरात सरकवायला सांगितला. शेजारच्या दगडावरचा चुना त्याच्या चुन्याला पट्ट्याला पट्टा लावून मिळाला.

“आता सांगते काय झालं ते,” पोचेबाई ठेकेदाराकडे वळून म्हणाल्या. “सोमवारी रोलर उतारावर उभा केला. ब्रेक नव्हता, चाकाला साधा दगडसुद्धा लावला नव्हता. तो सुटला. पुढे ही बाई पाणी मारत होती. ती वेड्यासारखी पळत सुटली नाही. तिला शिकवलं होतं तशी ती पांढरी कड बघून कोनाड्याकडे गेली. आणि तिथे तुमचं कुलूप होतं. तिने दार ठोकलं. मुठीची साल जाईपर्यंत ठोकलं. रोलर भिंतीला घासत आला आणि तिचा पाय या दारावर चिरडला. मग तुम्ही काय केलंत? तिच्याजवळ बसलात? नाही. चौकटीसाठी उपटलेले दगड आत पडलेच होते. ते बाहेर आणून मांडलेत. चुना दिसला, म्हणून म्हाताऱ्याच्या गळ्यात घातलात. आणि साहेबांनी ते इथे न येता लिहून दिलं!”

“अपघात होता तो!” ठेकेदार ओरडला. त्याचा साखरेचा आवाज कुठल्या कुठे गेला होता. “मी काय मुद्दाम केलं?”

“रोलर सुटला तो अपघात,” पोचेबाई म्हणाल्या. “दगड आपोआप चालत आले नाहीत.”

अधिकारीबाईंनी मसुदा मागून घेतला. ‘श्रवणशक्ती मंदावली असून’ हे वाक्य त्यांनी अभियंत्याकडून मोठ्याने वाचून घेतलं. मग त्या तात्यांकडे वळल्या. “मुकादम, तुमचा दाखला कायम आहे. बोगदाही कायम आहे.”

तात्यांनी मान हलवली. त्यांचं लक्ष नव्हतं. ते दारावरच्या पोच्याकडे बघत होते.

८

पुढे काय व्हायचं ते झालं, म्हणजे जेवढं होतं तेवढंच झालं. ठेकेदाराला अटक झाली आणि तो जामिनावर सुटला. अभियंत्याची बदली झाली, जरा बऱ्या जागी. बंगलेवाल्याने अर्ज फाडला नाही, नुसता खणात ठेवला. पाणीवालीला सरकारी दवाखान्यात परत हलवलं आणि तिने जबानी दिली. तात्या भेटायला गेले तेव्हा ती एवढंच म्हणाली, “मी कोनाड्याकडेच गेले होते, तात्या. तुम्ही सांगितलं होतं तसंच.”

घरी येऊन तात्या जेवले नाहीत, आणि पोचेबाईंनी त्या दिवशी त्यांच्याशी भांडण काढलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून तात्यांनी अळंबीवाल्याला सोबत घेतलं आणि सगळी दारं उखडली. तीन निघाली, दोन अकराव्याच्या पलीकडची. बाविसाच्या बावीस कोनाड्यांना दोघांनी चुन्याचा हात दिला. अकराव्यातले तीन दगड तात्यांनी स्वतः उभं राहून बसवून घेतले आणि ठोकून ऐकले.

तीन महिन्यांनी वाट खुली झाली. तोंडाशी संगमरवरी पाटी लागली. तीत मंत्र्यांपासून सगळ्यांची नावं होती, तात्यांचं नव्हतं, पाणीवालीचं असण्याचा प्रश्नच नव्हता. पाहुणे फीत कापून, फोटो काढून आल्या गाड्यांनी परत गेले. बोगदा चालून बघायला कुणाला वेळ नव्हता.

मग माणसं आत शिरली. सायकली आल्या, चाकाच्या खुर्चीतले एक मास्तर आले, पोरंटोरं आरडाओरडा करत आली. तात्या आणि पोचेबाई त्यांच्या मागून चालत होते. पाणीवाली नवऱ्याबरोबर आली होती, काखेत कुबड्या. चालताना ती कोनाडे मोजत होती.

अकराव्यापाशी ती थांबली. शोभेसाठी तिथे कुणीतरी झाडाची कुंडी आणून ठेवली होती. तात्यांनी ती उचलली, वाटेच्या बाहेर नेऊन ठेवली आणि हात झटकले.

पाणीवालीने कुबड्या नवऱ्याकडे दिल्या. भिंतीला धरत ती एका पायावर आत शिरली, वळली आणि पाठ भिंतीला लावून उभी राहिली. तिच्या पुढे अजून वीतभर जागा उरली होती.

“मावले असते,” ती म्हणाली.

तात्यांनी हात पुढे केला आणि तिला बाहेर घेतलं.